धूळपेरणी

खानदेशात मे महिन्यात जाऊ नये, असे खुद्द खानदेशी माणूसच आपल्याला बजावतो. ‘हिवाळ्यात या, भरीत-भाकरी खाऊन जा,’ असे त्याचे आग्रहाचे आमंत्रण असते. मी नेमका मे अखेरीस गेलो. जायला हवे होते तेव्हा गेलो नव्हतो, म्हणून आता ऋतू निवडण्याचा अधिकार मला उरला नव्हता.

धुळ्याला माझा एक शाळासोबती आहे. सारा गाव त्याला मास्तर म्हणतो, म्हणून आपणही मास्तरच म्हणू. आम्ही दोघे भुसावळला वाढलो. माझे वडील रेल्वेत, त्याचेही रेल्वेत. दिवाळीला आमच्याकडचे फराळाचे ताट त्याच्या घरी जायचे आणि ते कधी रिकामे परत यायचे नाही. नाताळला त्याच्याकडच्या करंज्या आमच्याकडे यायच्या. आमची आजी सोवळ्यातली. पण त्या करंज्या ती ‘मुलांना द्या’ म्हणत स्वतःच्या हाताने मोजून वाटत असे. मास्तराचे घराणे ख्रिस्ती. १८९९-१९०० च्या दुष्काळात, ज्याला जुनी माणसे छप्पन्नचा दुष्काळ म्हणत, त्याचे आजोबा पोरके झाले आणि मिशनच्या आश्रयाने वाढले. तेव्हापासून त्या घरात सकाळ-संध्याकाळ प्रार्थना आहे.

२०२१ च्या एप्रिलमध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, मास्तराचा एकुलता एक मुलगा गेला. मी चार ओळींचे पत्र पाठवले, एकदा फोन केला आणि गप्प बसलो. टाळेबंदी ही सबब होती. टाळेबंदी उठली, गाड्या सुरू झाल्या, सबब मात्र तशीच राहिली. खरे कारण वेगळे होते. माझी पत्नी गेली त्या दिवसापासून आमच्या देवघरातले निरांजन मी लावलेले नाही. माझा देवाशी अबोला आहे. मास्तराचाही तसाच अबोला झाला असेल, तर आपल्याला एक सोबती मिळेल, अशी एक वाईट इच्छा माझ्या मनात होती. आणि झाला नसेल, तर त्याच्यासमोर बसायचे कोणत्या तोंडाने, ही भीती होती. ती इच्छा आणि ती भीती या दोघींना बरोबर घेऊनच मी गाडीत बसलो.

थेट धुळ्याला जाण्याचे धैर्य होईना, म्हणून आधी जळगावला उतरलो. सकाळचे साडेनऊ वाजले होते आणि रस्त्यावर बोलायलाही कोणी तोंड उघडत नव्हते. डोक्याला उपरणे, कानाला रुमाल, हातात पाण्याची बाटली, असा हा जळगावचा उन्हाळी पोशाख. केळीचे ट्रक तेवढे निवांत चालले होते. सोन्यासाठी आणि केळ्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या या गावात मराठी कवितेचेही एक सोने सापडले होते, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसते.

१९०७ साली जळगावला महाराष्ट्रातल्या कवींचे पहिले संमेलन भरले. अध्यक्ष होते डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर. त्या संमेलनात धरणगावच्या एका सोळा-सतरा वर्षांच्या मुलाने कविता म्हटली आणि अध्यक्षांनी त्याला ‘बालकवी’ ही पदवी दिली. हा मुलगा म्हणजे त्र्यंबक बापूजी ठोंबरे. त्या सभेत रेव्हरंड नारायण वामन टिळकही होते. त्यांचे मन या मुलावर जडले आणि पुढे ठोंबरे नगरला टिळकांच्या घरी जाऊन राहिले. लक्ष्मीबाई टिळकांनी त्यांना पोटच्या पोरासारखे सांभाळले.

या टिळकांच्या घराची गोष्ट ‘स्मृतिचित्रां’मुळे आपल्या घराघरांत पोचली आहे. पण आज ती मला वेगळ्याच कारणासाठी आठवत होती. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात एका अनोळखी गोऱ्या प्रवाशाशी टिळकांचा संवाद झाला. गोष्टी निघाल्या संस्कृत काव्याच्या आणि उतरताना त्या गृहस्थाने त्यांच्या हाती नवा करार ठेवला. तो कोण, कुठला, हे टिळकांना पुढे कधीच कळले नाही. ते पुस्तक वाचता वाचता डोंगरावरच्या प्रवचनापाशी टिळक थबकले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्याची किंमत आधी मोजावी लागली ती लक्ष्मीबाईंना. नवरा जिवंत असून त्या एकट्या पडल्या. नातेवाईकांच्या आधाराने, लहानग्या मुलाला घेऊन त्यांनी काही वर्षे काढली. पुढे त्या टिळकांकडे परतल्या, पण नवऱ्याचा धर्म म्हणून त्यांनी तो मुकाट्याने उचलला नाही. सोवळे, स्वयंपाक, पाण्याचा हंडा वेगळा ठेवून त्या त्याच घरात राहिल्या. आणि माणसामाणसांत देवाने भेद केला की माणसाने, हा प्रश्न स्वतःचा स्वतः सोडवून मगच, १९०० साली, त्यांनी बाप्तिस्मा घेतला. टिळक घाईने विश्वासले, लक्ष्मीबाई सावकाशीने. दोघांचाही विश्वास खरा.

आणि ठोंबरे? ते त्या घरात राहिले, जेवले, भांडले, रुसले आणि हिंदूच राहिले. त्यामुळे त्यांच्यावरचा लोभ कमी झाला नाही.

दुपार चढण्याआधी मी रिक्षा करून भादलीला गेलो. जळगाव आणि भुसावळ यांच्या मधले हे लहानसे स्टेशन. बहिणाबाई चौधरींचे माहेर असोदे इथून जवळच. निरक्षर बाई, ऐन तारुण्यात वैधव्य, आणि जात्यावर बसून देवाशी अशा बोलायच्या की जणू तो पलीकडच्या खुंट्यावर हात ठेवून बसला आहे. त्यांच्या गाण्यांचे पुस्तक १९५२ साली निघाले, त्या गेल्या त्याच्या पुढच्या वर्षी. या मातीत भरवसा नुसता पोथीतून येत नाही, तो शेतातूनही येतो, असे मला वाटून गेले.

पण मी भादलीला आलो होतो तो दुसऱ्या आठवणीसाठी. ५ मे १९१८ रोजी या स्टेशनाजवळ रेल्वेच्या अपघातात बालकवी गेले. वय अवघे सत्तावीस. ज्याने मराठीला हिरवळ दिली, पाखरे दिली, तो अशा भाजलेल्या रुळांवर संपला. मी फलाटाच्या टोकाला कडुनिंबाखाली उभा राहिलो. रुळांवरून वाफ निघत होती. एक मालगाडी धडधडत गेली. तिचे डबे मोजायचा भुसावळचा जुना नाद म्हणून मोजू लागलो आणि मध्येच हिशेब चुकला.

टिळकांच्या त्या घरात ही बातमी पोचली असेल तेव्हा काय झाले असेल? टिळकांनी आदल्याच वर्षी, १९१७ साली, मिशनची ठरलेली पगाराची नोकरी सोडली होती. पन्नाशी उलटल्यावर, देव देईल त्यावर राहायचे, असे ठरवून त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला होता. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती. देवावर सगळा भार टाकला आणि वर्ष उलटायच्या आत लेकरासारखा कवी गेला. त्यानंतर वर्षभराने, ९ मे १९१९ रोजी, टिळक स्वतःच गेले. हिशेबाच्या वहीत हे मांडले तर जमेच्या बाजूला काय येते? मी तो हिशेब करत उभा होतो. मालगाडीच्या डब्यांसारखा तोही मध्येच चुकला. कारण लक्ष्मीबाईंनी या सगळ्यानंतर ‘स्मृतिचित्रे’ लिहिली. त्यांचा पहिला भाग १९३४ साली आला. त्या पुस्तकात दुःख पानोपानी आहे, पण कडवटपणा शोधून सापडत नाही; उलट वाचणारा हसतो. टिळकांचे अर्धे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ही त्यांनीच पुढे नेले. हे बळ कुठून आणले असेल?

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने निघालो. जळगाव ते धुळे सुमारे ९० किलोमीटर. पाळधी, एरंडोल, पारोळा करीत गाडी जाते. वाटेत धरणगावच्या फाट्याची पाटी दिसली आणि बालकवींना मनातल्या मनात नमस्कार केला. दोन्ही बाजूंना नांगरून उघडी टाकलेली काळी शेते. कुठे हिरवे पान नाही. आणि त्या शेतांत, डोक्यावर सूर्य आग ओकत असताना, माणसे वाकून काहीतरी करीत होती. मी शेजारच्या म्हाताऱ्या बाईंना विचारले.

‘‘धूळपेरणी,’’ त्या म्हणाल्या. ‘‘पाऊस पडायच्या आधी कोरड्या धुळीतच सरकी टाकायची. पाणी आलं की उगवते.’’

‘‘आणि नाही आलं तर?’’

बाईंनी माझ्याकडे शहरी माणसाकडे पाहावे तसे पाहिले. ‘‘देव शे ना, भाऊ!’’ असे अहिराणीत म्हणून त्या खिडकीबाहेर बघू लागल्या.

मास्तर स्टँडवर घ्यायला आला होता. केस पांढरे झाले होते. मी काही बोलण्याच्या आत त्याने माझी पिशवी घेतली आणि म्हणाला, ‘‘दोन वर्षांपूर्वी आला असतास तर ही जड पिशवी तूच उचलली असतीस. आता वयानं लहान मी!’’ आम्ही दोघे एकाच वर्षातले. तो तीन महिन्यांनी धाकटा. एवढ्या एका वाक्यात त्याने माझा उशीर मोजलाही आणि पुसलाही.

घरी वहिनींनी खापरावरचे मांडे आणि आंब्याचा रस केला होता. पाट मांडले. भिंतीवर मुलाचा फोटो होता. हार नव्हता, खाली एक बंद केलेली बाजाची पेटी होती. मास्तराने डोळे मिटले आणि अन्नासाठी, पाहुण्यासाठी देवाचे आभार मानले. त्याचा आवाज कापला नाही. माझी ती वाईट इच्छा तिथेच, ताटावर, मोडली. खरे सांगायचे तर मला थोडा रागच आला.

रात्री गच्चीवर बाजा टाकल्या. पांझरेच्या बाजूने उशिरा वारा सुटला. मी धीर करून विचारले, ‘‘मास्तर, इतकी प्रार्थना केलीत. मग हे असं का?’’

तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, ‘‘सगळी मंडळी प्रार्थना करत होती. सतरा दिवस. अठराव्या दिवशी तो गेला. पुढच्या आठवड्यात आमच्यातलेच एक गृहस्थ सांत्वनाला आले आणि म्हणाले, तुमचा विश्वास कुठेतरी कमी पडला असेल. मी त्यांना चहा पाजला, दारापर्यंत पोचवलं, आणि तीन महिने देवळात पाऊल टाकलं नाही.’’

‘‘म्हणजे अबोला!’’ मी उठूनच बसलो.

‘‘अबोला नाही रे. भांडण. रोज रात्री इथं, या गच्चीवर. आमच्या स्तोत्रसंहितेत कितीतरी स्तोत्रं म्हणजे निव्वळ गाऱ्हाणी आहेत. ती लिहिणारे काय अविश्वासू होते? अबोला धरणारा पाठ फिरवतो. भांडणारा समोर उभा असतो. समोर कोणी आहे हे त्याला ठाऊक असतं, म्हणून तर तो भांडतो.’’

मला दानिएलाच्या ग्रंथातली गोष्ट त्यानेच सांगितली. बाबेलच्या राजाने तिघा तरुणांना दटावले, माझ्या मूर्तीला नमन करा, नाहीतर भट्टीत टाकतो. ते म्हणाले की आमचा देव आम्हांला वाचवू शकतो; आणि वाचवले नाही, तरीही आम्ही तुझ्या मूर्तीला नमणार नाही. ‘‘लोक भट्टीतून ते वाचले तेवढंच सांगतात,’’ मास्तर म्हणाला. ‘‘माझा सगळा विश्वास त्या ‘वाचवलं नाही तरीही’मध्ये आहे. खुद्द प्रभूनं गेथशेमाने बागेत हा प्याला टळो अशी विनवणी केली होती. टळला नाही. मग माझा टळलाच पाहिजे, असं मी कोण म्हणणार?’’

वहिनी पाण्याचा तांब्या घेऊन वर आल्या होत्या. त्या जिन्यापाशीच टेकल्या. ‘‘हे भांडत तरी होते,’’ त्या म्हणाल्या, ‘‘मला तेही जमत नव्हतं. मी नुसती रविवारी जाऊन बसायची. तोंडातून शब्द फुटायचा नाही. बाकीचे गात, प्रार्थना करीत. म्हटलं, माझा आवाज सध्या यांच्याकडे ठेवायला दिलाय. शेवटी सगळ्यांबरोबर ‘आमेन’ तेवढं म्हणायची.’’

‘आमेन’ हा शब्द मूळ हिब्रू. ज्या धातूपासून तो आला त्याचा अर्थ पक्के असणे, भार टाकला तरी न डगमगणे, असा आहे, हे मास्तराने सांगितले. मला वाटले, आपण ‘श्रद्धा’ म्हणतो तिथे हे लोक ‘विश्वास’ म्हणतात. हा शब्द आपण वाण्यावर, शेजाऱ्यावर, घराची किल्ली ज्याच्याकडे ठेवतो त्याच्यावर वापरतो. तो मताचा शब्द नव्हेच, नात्याचा आहे. किल्ली ठेवताना आपण शेजाऱ्याकडून लेखी हमी घेत नाही.

दुसरा दिवस रविवारचा. धुळ्याच्या रविवारांना एक पुण्याई आहे. १९३२ साली इथल्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी गीतेचा एकेक अध्याय सांगितला आणि साने गुरुजींनी तो टिपून घेतला, म्हणून ‘गीता प्रवचने’ आपल्याला मिळाली. मी मास्तराबरोबर त्यांच्या देवळात गेलो. साधी कौलारू इमारत, पंखे, सतरंज्या, एका बाजूला बायका, एका बाजूला पुरुष. ‘उपासना संगीत’ या पुस्तकातली पदे; त्यात टिळकांची कितीतरी. पेटी, तबला, टाळ. डोळे मिटले असते तर एखाद्या भजनी मंडळात बसलो आहे असेच वाटले असते. पेटीवर मास्तरच होता. ती मुलगा वाजवत असे, हे मला मागाहून वहिनींनी सांगितले. तीन महिन्यांनी मास्तर परत आला तेव्हा कोणी काही बोलले नाही. पेटीची जागा तेवढी रिकामी ठेवली होती.

याकोबाच्या पत्रात, कृतीवाचून विश्वास म्हणजे निर्जीव, अशा अर्थाचे सांगितले आहे. मास्तराची कृती काय, ते मी उपासनेनंतर पाहिले. घरी न जाता तो एका रुग्णालयात गेला. तिथे बाहेरच्या बाकांवर रुग्णांचे नातेवाईक बसलेले असतात. साक्री, शिरपूर, नंदुरबार, कुठून कुठून आलेले. मास्तर एकेकाच्या शेजारी बसतो. कोणाला चहा, कोणाला औषधाच्या दुकानाची वाट, कोणाची चिठ्ठी वाचून देणे. धर्माची गोष्ट नाही, उपदेश नाही.

‘‘काय बोलतोस त्यांच्याशी?’’ मी विचारले.

‘‘काही नाही. बसतो. आमच्या वेळी बंदी होती, कोणी बसायला येऊ शकलं नाही. सतरा दिवस आम्ही दोघंच बाहेर होतो. माझ्या त्या भांडणाचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही. पण बसायला जागा मिळाली.’’

मी मान खाली घातली. बंदी उठल्यावरही बसायला न आलेला एक जण त्याच्यासमोर उभा होता. त्याला ते कळले असावे. ‘‘तू आलास ना? बसलास ना? झालं,’’ तो म्हणाला.

संध्याकाळी तो मला गावाबाहेर आपल्या शेतावर घेऊन गेला. चार एकरांचा तुकडा, विहिरीने तळ गाठलेला. वाटेकरी आणि त्याची बायको सरकी टोकत होती. मास्तराने चपला काढल्या, ओंजळभर बियाणे घेतले आणि मलाही दिले. माती तव्यासारखी तापलेली. बोटाने खळी करायची, दोन दाणे टाकायचे, धूळ ओढायची. आभाळात ढगाचा कापूससुद्धा नव्हता. मी वीस-पंचवीस खळ्या केल्या असतील. पाठ दुखू लागली. महागामोलाचे बियाणे अशा राखेत टाकताना माझा हात प्रत्येक वेळी अडत होता. वाटेकऱ्याचा अडत नव्हता, मास्तराचाही नाही.

परत आल्यावर जून गेला. आमच्याकडे पाऊस पडला, वर्तमानपत्रात खानदेशात पावसाने दडी मारल्याच्या बातम्या येऊ लागल्या. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात मी न राहवून फोन केला.

‘‘उगवलं का रे?’’

‘‘पहिल्या सरीनं उगवलं, आणि मग तीन आठवडे थेंब नाही. सगळं करपलं. तुझ्या हातचंही.’’

मला काय बोलावे कळेना. ‘‘मग?’’

‘‘मग काय? दुबार पेरणी केली. कालच आटोपली.’’ पलीकडून त्याचा नेहमीचा शांत आवाज आला. मागे वहिनी कोणाला तरी हाक मारत होत्या. ‘‘फोन ठेवतो. रुग्णालयात जायचंय.’’

फोन ठेवून मी बराच वेळ तसाच बसून होतो. मग उठून देवघराची कडी काढली. आत कोळिष्टके होती, निरांजन काळे पडले होते. लावले मात्र नाही. समोर पाट मांडून बसलो आणि इतक्या वर्षांचे सगळे, पत्नीच्या आजारापासूनचे, मोठ्याने बोलून टाकले. शब्द चांगले नव्हते. शेजारच्यांना ऐकू गेले असेल तर त्यांना वाटले असेल, आजोबा कोणाशी तरी भांडताहेत.

त्यांना वाटले ते खरेच होते.